जटायूची रिकामी जागा : एका विनोदी भूमिकेतून कोलकाता आपल्या नटांना कसे स्मरते

कोलकाता : फेब्रुवारीतील दोन लागोपाठचे दिवस बंगाली प्रेक्षकांसाठी दोन लाडक्या विनोदी नटांच्या स्मृतीचे आहेत. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी संतोष दत्त यांचे निधन झाले आणि ४ फेब्रुवारी १९९७ रोजी रवी घोष यांचे. दोघांच्या निधनात नऊ वर्षांचे अंतर होते. तरीही प्रेक्षकांच्या मनात ही दोन नावे एका धाग्याने बांधली गेली आहेत. तो धागा म्हणजे 'जटायू'. सत्यजित राय यांच्या फेलुदा कथांमधील हे विनोदी पात्र आधी चित्रपटात, नंतर दूरचित्रवाणीवर आणि आता वेबमालिकांत दिसत आले आहे. ते साकारणारा नट गेला की दिग्दर्शकांनी एकदा नव्हे, दोनदा ही जागा काही काळ रिकामी ठेवली. विनोदी नटाच्या स्मरणाची अशी रीत भारतीय पडद्यावर विरळाच आढळते.

कोण हा जटायू?

प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलुदा या खासगी गुप्तहेराची पहिली कथा १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात प्रसिद्ध झाली. राय यांच्या आजोबांनी सुरू केलेले हे मासिक त्या काळात राय स्वतः संपादित करीत होते. सुरुवातीला फेलुदासोबत केवळ त्याचा धाकटा चुलतभाऊ तोपशे होता. लालमोहन गंगोपाध्याय हे तिसरे पात्र 'सोनार केल्ला' या कादंबरीत, राजस्थानच्या प्रवासात, आगगाडीच्या डब्यात प्रथम भेटते. लालमोहनबाबू 'जटायू' या टोपणनावाने रहस्यकथा लिहितात. त्यांच्या पुस्तकांचा खप मोठा. पण त्यांतील भूगोल आणि विज्ञान यांचा भरवसा नाही. उंटाविषयीच्या त्यांच्या समजुती फेलुदाला दुरुस्त कराव्या लागतात. ते भित्रे आहेत, पण संकटाच्या वेळी मित्रांना सोडून पळत नाहीत. त्यांचे घर राय यांनी उत्तर कोलकात्यातील गडपार भागात दाखवले आहे. राय यांचे स्वतःचे बालपणही याच गडपारमध्ये गेले होते.

मराठी वाचकांना ही मंडळी अपरिचित नाहीत. फेलुदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या असून रोहन प्रकाशनाने त्या प्रसिद्ध केल्या आहेत. जटायूची महाराष्ट्राशी गाठही जुनीच. 'बंबईयेर बंबेटे' या कथेत त्यांच्या कादंबरीवर हिंदी चित्रपट निघतो आणि त्यानिमित्ताने तिघे मुंबईत येतात, तर 'कैलाशे केलेंकारी' या कथेतील मूर्तिचोरीचा माग त्यांना वेरूळच्या लेण्यांपर्यंत घेऊन येतो.

न्यायालयातून थेट वाळवंटात

१९२५ मध्ये जन्मलेले संतोष दत्त पेशाने वकील होते. 'पारसपाथर' (१९५८) पासून राय यांच्या चित्रपटांत त्यांच्या छोट्यामोठ्या भूमिका होत गेल्या. 'गुपी गाइन बाघा बाइन' (१९६९) मध्ये त्यांनी दोन राजांची दुहेरी भूमिका केली. मात्र बंगालने त्यांना आपले मानले ते 'सोनार केल्ला' (१९७४) आणि 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) या दोन चित्रपटांतील जटायूमुळे.

'सोनार केल्ला'च्या चित्रीकरणासाठी राजस्थानला जायचे ठरले तेव्हा त्यांच्याकडे एक खटला होता. तारीख पुढे ढकलण्याची विनंती त्यांनी केली आणि प्रतिपक्षाच्या वकिलांनीही तिला हरकत घेतली नाही, ही आठवण कोलकात्यात आजही आवडीने सांगितली जाते. एका नटाच्या उंटस्वारीसाठी न्यायालयाचे कामकाज थांबावे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटू नये, हे या शहराच्या स्वभावाला धरूनच आहे.

चित्रपटानंतर आणखी एक गोष्ट घडली. राय आपल्या कथांची चित्रे स्वतःच काढीत. पुढील कथांच्या चित्रांतला जटायू हळूहळू संतोष दत्त यांच्यासारखा दिसू लागला. टक्कल, मिशी आणि आश्चर्याने विस्फारलेले डोळे त्याला मिळाले. लेखकाने पात्र निर्माण करावे आणि नटाने ते साकारावे, हा नेहमीचा क्रम येथे उलटला. नटाने पात्राला आपला चेहरा दिला आणि लेखकाने तो स्वीकारला. पुढे या भूमिकेत येणाऱ्या प्रत्येक नटापुढील अडचणीचे मूळ इथेच आहे. वाचकाच्या मनात तोवर एक निश्चित चेहरा ठसलेला होता.

हसू थांबते तो क्षण

जटायूवर लोकांनी इतका जीव का लावला, याचे उत्तर 'जय बाबा फेलुनाथ'मधील एका प्रसंगात सापडते. काशीतील खलनायक मगनलाल मेघराज याची भूमिका उत्पल दत्त यांनी केली होती. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या 'गोलमाल'मुळे हिंदी प्रेक्षक त्यांना विनोदी भूमिकेसाठी ओळखू लागले होते. हा मगनलाल फेलुदाला धडा शिकवण्यासाठी त्याच्यावर हात टाकत नाही. तो जटायूला फळीसमोर उभे करतो आणि एका थकलेल्या, वृद्ध खेळगड्याला त्याच्याभोवती चाकू फेकायला लावतो. तोवर ज्याच्या प्रत्येक हालचालीला प्रेक्षक हसत होते, त्याच्या चेहऱ्यावरील भीती पाहून चित्रपटगृहात शांतता पसरते.

संतोष दत्त यांनी हा प्रसंग विनोदी केला नाही आणि केविलवाणाही केला नाही. अपमान सोसणारा, तरीही मित्राची लाज राखणारा एक साधा मध्यमवर्गीय माणूस त्यांनी उभा केला. त्यानंतर प्रेक्षकांचा जटायूशी जडलेला संबंध केवळ करमणुकीपुरता राहिला नाही. घरातल्या एखाद्या भोळ्या काकांची काळजी वाटावी तशी त्यांची काळजी वाटू लागली. म्हणूनच १९८८ मध्ये दत्त गेले तेव्हा अनेक घरांत ती आप्ताची बातमी ठरली. त्यांच्याविना फेलुदावर चित्रपट करणे शक्य नाही, अशी भूमिका स्वतः राय यांनी घेतली. १९९२ मध्ये राय यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी तिसरा फेलुदापट केला नाही.

मराठी नटाचा जटायू

संतोष दत्त हयात असतानाच दूरदर्शनच्या राष्ट्रीय प्रेक्षकांपुढे एक वेगळा जटायू आला होता. सत्यजित राय यांचे चिरंजीव संदीप राय यांनी १९८६ मध्ये 'किस्सा काठमांडू का' ही हिंदी मालिका दिग्दर्शित केली. फेलुदा होते शशी कपूर आणि जटायू होते डॉ. मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'मधील नाना फडणवीस म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते हेच आगाशे. त्याआधी राय यांच्या 'सद्गती' (१९८१) मध्ये त्यांनी पंडित घासीरामची कठोर भूमिका केली होती. मराठी रंगभूमीवरील नटाने हिंदीत साकारलेले हे बंगाली पात्र आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले असले, तरी दूरचित्रवाणीवरील जटायूंच्या परंपरेत पहिले नाव त्यांचेच येते.

छोट्या पडद्यावरील पुनरागमन

कोलकाता दूरदर्शन केंद्र ९ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. नव्वदच्या दशकात बंगाली दूरचित्रवाणीचा विस्तार झाला आणि संदीप राय यांनी फेलुदा छोट्या पडद्यावर आणण्याचे ठरवले. गुप्तहेराच्या भूमिकेसाठी सव्यसाची चक्रवर्ती यांची निवड झाली. जटायूचा प्रश्न मात्र नाजूक होता. 'बाक्स रहस्य' (१९९६) मध्ये तो भार रवी घोष यांनी उचलला.

कूचबिहारमध्ये १९३१ साली जन्मलेले घोष हे संतोष दत्त यांचे जुने सहकारी होते. 'महापुरुष' (१९६५) आणि 'गुपी गाइन बाघा बाइन' या चित्रपटांत दोघे एकत्र होते. त्यांपैकी दुसऱ्या चित्रपटात घोष यांनी ढोल वाजवणारा बाघा साकारला होता. म्हणजे ही भूमिका त्यांच्याकडे एका परक्याची म्हणून नव्हे, तर गेलेल्या मित्राची म्हणून आली.

घोष यांच्या घरची एक कथा त्यांच्या चरित्रात वारंवार येते. तरुणपणी ते बँकशाल न्यायालयात नोकरी करीत आणि उत्पल दत्त यांच्या लिटल थिएटर ग्रुपमध्ये नाटके करीत. मुलाने नाटकात जावे हे वडिलांना पसंत नव्हते. १९५९ च्या अखेरीस मिनर्व्हा रंगमंदिरात 'अंगार' हे कोळसा खाणकामगारांवरील नाटक आले. प्रयोग सुरू होण्याच्या काही दिवस आधी वडिलांचे निधन झाले. तरीही घोष रंगमंचावर उभे राहिले आणि या नाटकाने त्यांचे नाव झाले. ज्या वडिलांना मुलाचे नट होणे रुचत नव्हते, त्यांना मुलाचे यश पाहायला मिळाले नाही. प्रेक्षकांच्या आठवणीत हसरा बाघा आहे. घरच्यांच्या आठवणीत हा डिसेंबरही आहे.

'बाक्स रहस्य'नंतर थोड्याच काळात रवी घोष गेले. पुढील दूरचित्रवाणी भागांत जटायू झाले अनुप कुमार. बंगाली चित्रपटांत दीर्घकाळ विनोदी आणि चरित्र भूमिका केलेल्या या नटाचे ३ सप्टेंबर १९९८ रोजी निधन झाले. दोन वर्षांच्या आत दोन जटायू गेल्यानंतर ही भूमिकाच अशुभ आहे की काय, अशी कुजबुज होणे स्वाभाविक होते. वास्तव साधे होते. भूमिकेला मुरलेला, प्रौढ विनोदी नट हवा होता आणि ती पिढीच उतरणीला लागली होती.

विभू भट्टाचार्य : प्रतीक्षेचे फळ

यानंतर आले विभू भट्टाचार्य. बालनट म्हणून 'मास्टर विभू' या नावाने त्यांनी पडद्यावर पाऊल ठेवले होते. परंतु मोठेपणी त्यांच्या वाट्याला बव्हंशी लहान भूमिका आल्या. जटायूने त्यांना उतारवयात ओळख दिली. दूरचित्रपटांनंतर संदीप राय यांनी फेलुदा पुन्हा मोठ्या पडद्यावर नेला, तेव्हा 'बंबईयेर बंबेटे' (२००३), 'कैलाशे केलेंकारी' (२००७), 'तिनतोरेत्तोर जिशू' (२००८) आणि 'गोरस्थाने सावधान' (२०१०) या चित्रपटांत जटायू तेच होते. चेहऱ्याचे संतोष दत्त यांच्याशी असलेले साम्य त्यांच्या पथ्यावर पडले. त्या साम्याआड न लपता त्यांनी आपला थोडा अधिक बावरलेला, थोडा अधिक प्रेमळ जटायू उभा केला. दूरचित्रवाणीवर वाढलेल्या पिढीसाठी जटायू म्हणजे विभू भट्टाचार्यच.

सप्टेंबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. 'रॉयल बेंगॉल रहस्य' हा चित्रपट त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला. जो माणूस आता नाही, त्याच्या विनोदाला दाद देण्याची वेळ प्रेक्षकांवर आली.

दुसऱ्यांदा रिकामी जागा

पुढे जे घडले त्यात वडिलांच्या निर्णयाचा प्रतिध्वनी ऐकू येतो. संदीप राय यांनी पुढील फेलुदापटासाठी 'बादशाही आंगटी' (२०१४) ही कथा निवडली. जटायूचा जन्म होण्यापूर्वी लिहिली गेलेली ही कथा असल्याने तीत जटायू नाही. 'डबल फेलुदा' (२०१६) मध्ये दोन कथा होत्या. त्या दोन्हींतही जटायू नाही. कथा अशा निवडल्या गेल्या की त्या जागी कोणाला बसवण्याची गरजच पडू नये. 'हत्यापुरी' (२०२२) मध्ये अभिजित गुहा यांच्या रूपाने संदीप राय यांच्या पडद्यावर जटायू परतले, तेव्हा मध्ये अकरा वर्षे लोटली होती. दरम्यान सृजित मुखर्जी यांच्या 'फेलुदा फेरत' (२०२०) या वेबमालिकेत अनिर्बाण चक्रवर्ती यांनी ही भूमिका केली.

नवा नट आला की बंगाली घरांत तुलना सुरू होते. आजोबा संतोष दत्तांची बाजू घेतात, वडील रवी घोषांची, मुले विभू भट्टाचार्यांची. या वादात कोणी जिंकत नाही. पण प्रत्येक वादात गेलेल्या नटांची नावे पुन्हा घेतली जातात, त्यांचे प्रसंग पुन्हा सांगितले जातात आणि ज्यांनी त्यांना पाहिले नाही, ते आवर्जून पाहतात. शोकसभा आणि पुतळे यांच्यापेक्षा स्मरणाचा हा मार्ग अधिक टिकाऊ ठरला आहे.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे यांचे निधन झाले, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना आधी आठवला तो मुंबई दूरदर्शनवरील 'चिमणराव'मधला गुंड्याभाऊ. दूरचित्रवाणीवरील विनोदी नट घरात येतो, जेवणाच्या वेळी समोर असतो, म्हणून त्याचे जाणे घरातल्या माणसाच्या जाण्यासारखे वाटते. फरक इतकाच, की कुटुंबीयांना माणूस आठवतो आणि चाहत्यांना भूमिका. जटायूच्या बाबतीत कोलकात्याने हे दोन्ही एकत्र जपले. पात्र जिवंत ठेवले, नवे चेहरे स्वीकारले आणि दोनदा गेलेल्या नटासाठी थोडा काळ ती जागा मोकळीही ठेवली.