मांडव्याच्या वालशेतीतील नत्र

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाला असलेल्या मांडवा परिसरातील शेती पूर्वापार दोन प्रकारच्या जमिनींवर होत आली आहे: भरतीचे पाणी बांधांनी अडवून लागवडीखाली आणलेली खार जमीन आणि तिच्याहून थोडी उंच, गोड्या पाण्याची जमीन. खार जमिनीत पावसाने क्षार धुऊन गेल्यावर भाताचे एकच पीक निघे आणि पावसाळा सरला की मातीत क्षार पुन्हा वर येत. गोड्या जमिनीत मात्र भाताची कापणी झाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरला जाई, आणि त्याला पाणी किंवा वेगळे खत दिले जात नसे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा (आजचा रायगड) जिल्हा व जंजिरा यांच्या सरकारी गॅझेटियरमध्ये भात हे जिल्ह्याचे मुख्य पीक आणि वाल हे तेथील एक परिचित कडधान्य म्हणून नोंदले आहे. भातामागून वाल ही जोडी त्या नोंदीच्या आधीपासून रूढ होती, आणि मातीच्या दृष्टीने तिला काय अर्थ आहे हे मात्र विज्ञानाला त्या वेळी ठाऊक नव्हते.

शेतकरी वाल पेरत तो मुख्यतः खाण्यासाठी. मोड आणून सोललेल्या कडव्या वालांचे बिरडे हा कुलाबा जिल्ह्याच्या स्वयंपाकातला नेहमीचा पदार्थ होता, थंडीत भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भाजलेल्या ओल्या शेंगांची पोपटी ही गावोगावची चैन होती, आणि मळणीनंतरचा भुसा गुरांच्या उपयोगी पडे. वालामुळे जमीन कसदार होते हा अनुभव त्यामागे असला, तरी तेवढ्यासाठी कोणी वाल पेरला असता असे मानण्यास आधार नाही. ही गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण परंपरेच्या गौरवाच्या भरात पूर्वजांना जिवाणूशास्त्र अवगत होते असे सुचवण्याची सवय अलीकडे बळावली आहे आणि तिने त्या पूर्वजांच्या खऱ्या कौशल्याचा मान वाढत नाही.

त्याच शेतकऱ्याची दुसरी प्रथा नत्राच्या दृष्टीने नेमकी उलट दिशेची होती. भाताची रोपे करण्यासाठी निवडलेल्या तुकड्यावर शेण, झाडांची कवळे म्हणजे तोडलेल्या पालेदार फांद्या, गवत आणि पालापाचोळा यांचे थर रचून पावसाआधी ते पेटवायचे, यास राब भाजणे म्हणतात. या आगीने तणाचे बी मरते आणि राखेतून पालाश व स्फुरद मातीला मिळते, पण शेणापाल्यातील बहुतेक नत्र धुरावाटे हवेत निघून जाते. राबासाठी जंगलातून कवळ तोडण्याच्या हक्कावर वनखात्याने निर्बंध आणले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये एक वन आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. कोकणातील कुणबी, आगरी आणि आदिवासी शेतकऱ्यांची गाऱ्हाणी या आयोगापुढे मांडली जात होती, त्याच काळात, १८८६ च्या सप्टेंबरात, बर्लिनमधील एका शास्त्रज्ञ परिषदेत हेर्मान हेलरीगेल या जर्मन कृषिरसायनज्ञाने द्विदल पिके हवेतील नत्र वापरतात आणि ते काम मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने होते, असे जाहीर केले.

हा निष्कर्ष निघण्यास अर्धे शतक लागले होते. फ्रान्समध्ये बूसँगो याने १८३० च्या दशकातच क्लोव्हर आणि वाटाणा यांच्या पिकांत मातीतून मिळाले त्याहून अधिक नत्र आढळते, असे मोजून दाखवले होते, पण ते नत्र येते कोठून याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. १८५७ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू यांनी या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी काटेकोर प्रयोग योजले. मातीत नत्राचा अंशही राहू नये म्हणून त्यांनी ती भाजून घेतली, काचेच्या आवरणात रोपे वाढवली आणि वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत असा निर्णय दिला. त्या भाजण्याने मातीतील जिवाणू मेले होते आणि गाठी धरण्याचा प्रश्नच उरला नव्हता, म्हणजेच प्रयोगाच्या काटेकोरपणानेच उत्तर झाकले गेले. हेलरीगेल आणि त्याचा सहकारी विल्फार्थ यांनी निर्जंतुक वाळूत वाढवलेल्या वाटाण्याला शेतातील मातीचे थोडेसे पाणी घातले तेव्हा रोपे सावरली आणि त्यांच्या मुळांवर गाठी दिसल्या. १८८८ मध्ये हॉलंडमधील बायरिंक याने गाठींतून तो जिवाणू वेगळा काढून वाढवला. पुढे तो रायझोबियम या नावाने ओळखला जाऊ लागला.

या सहजीवनाची रीत विसाव्या शतकात हळूहळू उलगडत गेली. मुळे मातीत काही विशिष्ट रसायने सोडतात, जवळचा जिवाणू त्यांना आपल्या रसायनाने प्रतिसाद देतो, मूलरोम वाकडा होऊन जिवाणूला वेढतो आणि आत तयार झालेल्या सूक्ष्म नळीतून जिवाणू मुळाच्या पेशींत शिरतो. तेथे पेशींची वाढ होऊन गाठ बनते. हवेतील सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा असला तरी त्याच्या रेणूतील दोन अणूंचा बंध इतका घट्ट असतो की वनस्पतीला तो थेट उपयोगी पडत नाही. जिवाणूतील नायट्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, हा बंध तोडून अमोनिया बनवते. या विकराला प्राणवायूचा स्पर्शही घातक असतो आणि जिवाणूला श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच असतो. ही अडचण रक्तातील हिमोग्लोबिनशी नाते असलेल्या लेगहिमोग्लोबिन या द्रव्याने सुटते, कारण ते प्राणवायू धरून ठेवते आणि बेताबेताने पुरवते. त्याच्यामुळेच कामात असलेली गाठ चिरल्यावर आतून गुलाबी दिसते. या कष्टाची किंमत वनस्पती आपल्या साखरेने मोजते. वालाला चवळीच्या गटातील, सावकाश वाढणारे जिवाणू चालतात, आणि शेंगा भरू लागल्या की साखर तिकडे वळून गाठींचे काम मंदावते.

युरोपातील हा शोध भारतातील शेतीच्या चर्चेत लवकरच पोहोचला. भारतीय शेतीच्या पाहणीसाठी १८८९ मध्ये आलेल्या जॉन ऑगस्टस फोल्कर या रसायनज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या पीक फेरपालटीची आणि मिश्र पिकांची बाजू घेतली, तसेच राबाच्या प्रथेकडे अज्ञान म्हणून पाहण्यास नकार दिला. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये द्विदल पिकांच्या गाठींतील जिवाणूंवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो भारतातील या विषयाचा आरंभ मानला जातो. १९३९ मध्ये पी. के. डे यांनी भाताच्या पाणथळ शेतात निळ्या-हिरव्या शेवाळांकडूनही नत्र बांधले जाते, असे दाखवले, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे खताविना भात कसे निघत आले याचा आणखी एक भाग उकलला.

कोकणातील कुळाला खत विकत घेणे परवडत नव्हते, ही बाजूही त्याच हिशेबातली आहे. खोताचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, वाटा गेल्यावर उरणाऱ्या धान्यात घर चालवणे कठीण होते, आणि म्हणूनच शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसण्यास नकार देऊन संप चालवला. अशा कुळाजवळ शेण, कवळ आणि भातामागचा वाल एवढीच साधने होती.

मात्र वालाने जमिनीत किती नत्र उरते याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. गाठींत बांधलेले बरेचसे नत्र प्रथिनांच्या रूपाने दाण्यात जाते आणि दाणे घरी येतात. शेतात उरते ते मुळे, गाठी आणि गळलेला पाला यांतले. रोपे मुळांसकट उपटून खळ्यावर नेली तर तेही कमी होते, आणि गुरांनी खाल्लेला भुसा शेणातून राबावर गेला तर त्यातील नत्र अखेरीस जळते. वालाचा सर्वांत निश्चित उपकार निराळा आहे: तो स्वतःच्या पोषणासाठी मातीतील नत्र फारसे ओढत नाही, त्यामुळे पुढच्या भाताची शिल्लक शाबूत राहते आणि माणसांना एरवी न मिळणारे प्रथिन मिळते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच किनाऱ्यावर नत्र बांधण्याची दुसरी रीत आली. हाबर यांनी शोधलेल्या आणि बॉश यांनी कारखान्यात उतरवलेल्या पद्धतीने जर्मनीत १९१३ पासून अमोनिया बनू लागला होता. खाडीपलीकडे तुर्भे येथील खत कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला, आणि मांडव्याच्या दक्षिणेस थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून १९८५ पासून युरिया बाहेर पडू लागला. समुद्रातील मुंबई हाय क्षेत्राच्या नैसर्गिक वायूवर चालण्यासाठी उभारलेल्या या कारखान्यात रोज प्रत्येकी १,३५० टन अमोनिया बनवण्याच्या क्षमतेचे दोन संच बसवले गेले. तेथे सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब लागतो, तर वालाच्या गाठीत तीच मूळ क्रिया मातीच्या तापमानाला घडते. ४६ टक्के नत्र असलेल्या युरियाने भाताचे उत्पन्न वाढवले हे निर्विवाद आहे, आणि त्याला केवळ दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु मातीत आयते नत्र भरपूर असेल तर द्विदल रोप गाठी धरण्याचे टाळते, म्हणून एका रीतीचा अतिरेक दुसरीला दुबळी करतो.

१९७२ मध्ये दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने वालाच्या सुधारित वाणांवर काम केले, आणि रायझोबियमची जिवाणू खते गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळून सावलीत सुकवण्याची शिफारस आता सर्वत्र परिचित आहे. तिचा परिणाम सगळीकडे सारखा दिसत नाही. जेथे वाल पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेला, तेथे मातीत आधीच वस्ती करून असलेले जिवाणू पाकिटातील जिवाणूंना मुळाशी पोहोचू देत नाहीत, जरी हे स्थानिक जिवाणू नत्र बांधण्यात नेहमीच अधिक कुशल असतात असे नाही. उलट खार जमिनीत क्षारांमुळे मूलरोम आणि जिवाणू दोघांचीही वाढ खुंटते, तर जांभ्याच्या आम्ल मातीत स्फुरद आणि नायट्रोजिनेजला लागणारे मॉलिब्डेनम पिकाला पुरेसे मिळत नाही. मांडव्यासारख्या, खार आणि गोड्या जमिनी एकमेकींना लागून असलेल्या गावात क्षार सोसणारे स्थानिक जिवाणू शोधण्यास म्हणूनच विशेष अर्थ आहे. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईहून वाहने घेऊन येणारी रो-रो बोट मांडवा जेटीला लागू लागली आणि बंगल्यांसाठी भातशेतीच्या खरेदीला आणखी वेग आला. मुरमाच्या भरावाखाली गेलेल्या शेतात यजमान पीक पुन्हा येत नाही, आणि त्याच्या अभावी या जिवाणूंची संख्या वर्षागणिक घटत जाते, म्हणून असे नमुने गोळा करण्याचे काम उरलेल्या वालशेतांतच आणि लवकर व्हायला हवे.