संगमनेरच्या फडातली तालीम

तमाशाच्या फडात शिकणे आणि पोट भरणे ही दोन कामे कधीच वेगळी नव्हती. नवखा कलावंत आधी मागे झील, म्हणजे सुराची साथ, धरायला उभा राहतो. गळा बसला आणि पाय तालात पडू लागले की गौळणीच्या रांगेत येतो, आणि वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, दोन वाक्ये मिळायला आणखी काही हंगाम जातात. शिकण्याची फी नसते, उलट हंगामाआधी उचल हातात पडते. मात्र ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. शाळाही तीच आणि नोकरीही तीच, अशी ही रीत कशी घडली आणि कशी बदलली, हे संगमनेर तालुक्याच्या इतिहासात चांगले दिसते. पेशवाईतला एक शाहीर, ढोलकीच्या फडातली पहिली नामवंत स्त्री आणि विसाव्या शतकातला एक मोठा फड असे तीन टप्पे या एकाच मुलखात सापडतात.

शाहीर अनंत फंदी यांचा जन्म १७४४ मध्ये संगमनेरला झाला. मूळ आडनाव घोलप. मलिक फंदी या फकिराशी असलेल्या दोस्तीमुळे ‘फंदी’ हे नाव त्यांना चिकटले, असे परंपरा सांगते. त्या काळच्या फडात शाहीर हाच गुरू. तो कवने रचायचा, साथीदार ती ऐकून तोंडपाठ करायचे, आणि बाडात उतरलेले कवन फडाची मिळकत समजली जायची. नाचणारा असे तो नाच्या पोऱ्या. आवाज आणि चेहरा पाहून मुलगा निवडायचा, त्याला लुगडे नेसायला, पदर सावरायला, मुरकायला शिकवायचे. या शिक्षणाची मुदत निसर्गानेच ठरवून दिलेली असे: आवाज फुटला, मिसरूड आले की बाईचे सोंग संपले. होनाजी शिलारखाने आणि बाळा कारंजकर यांच्या जोडीत एकजण रचणारा आणि दुसरा गाणारा होता. कवी आणि गळा यांची अशी विभागणी शाहिरी फडांना परकी नव्हती. फंदी स्वतः पुढे कीर्तनाकडे वळले. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडला, अशी कथा सांगितली जाते. १८१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सुमारे अर्धशतकाने याच तालुक्यातल्या हिवरगाव पावसा येथे पवळाचा जन्म झाला. ढोलकीच्या फडात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती दलित घरातली, खंडोबाला वाहिलेली मुरळी. म्हणजे खंडोबाच्या जागरणातले गाणे-नाचणे तिला फडाआधीच ठाऊक असणार. पण फडातला नाच तोवर पुरुषांनी घडवला होता. बाईचा नखरा बाईनेच, पण पुरुषांनी बसवलेल्या साच्यातून उचलायचा, असा हा उलटा प्रकार. शाहीर पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. पवळाच्या सोबतीसाठी त्यांनी जातीचा रोष पत्करला. दोघांच्या फडाने मुंबई गाजवली. कवी आणि नाचणारी यांची जोडी इथे नव्याने जुळली, आणि बायांनी नाचायचे ही गोष्ट फडात रुळत गेली. नाच्याचे काम हळूहळू आकसले. गौळणीतली मावशी मात्र आजही पुरुषच करतो.

स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी आणली. ती उठली तेव्हा अश्लीलता गाळण्याच्या अटी आल्या आणि फडांच्या नावांत ‘लोकनाट्य’ हा शब्द शिरला. वगाचे वजन वाढले. नुसते नाचणे पुरेना. पल्लेदार संवाद, ऐतिहासिक पात्रांचा रुबाब आणि रात्रभर टिकणारा आवाज कलावंताकडे लागू लागला.

तमाशा कलावंत कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) या बदलत्या काळातल्या. आईवडील गुजरातेत दगडखाणीवर मजुरी करत. कुटुंब साताऱ्याला परतल्यावर कांताबाई लहानपणीच मेळ्यात नाचू लागल्या. घरात तमाशाची परंपरा नव्हती. मेळ्यातून तमाशात, पुढे मुंबईत दादू इंदुरीकरांसारख्या सोंगाड्यांच्या सोबतीत आणि मग तुकाराम खेडकरांच्या फडात, असा त्यांचा प्रवास झाला. खेडकरांशी त्यांचे लग्न झाले. १९६४ मध्ये खेडकर गेले; काही वर्षांनी कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि संगमनेरला मुक्काम केला. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावापासून फडांच्या सुपाऱ्या जिथे ठरतात ते नारायणगाव फारसे दूर नाही. पोरवयातच कनातीत वावरलेला मुलगा रघुवीर सोंगाड्या म्हणून गाजला आणि पुढे फडाचा कारभारी झाला. मुलीही याच रंगमंचावर उभ्या राहिल्या. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य शासनाने सुरू केलेला जीवनगौरव पुरस्कार पहिल्यांदा कांताबाईंना मिळाला.

फडात नेमके काय शिकवले जाते, हे रंगबाजीत कळते. त्यात ढोलकीवाला एक तोडा वाजवतो आणि नाचणारीने तोच घुंगरांतून परत द्यायचा असतो. टाच आणि चवडा यांचा वेगवेगळा दाब द्यावा लागतो, नाहीतर घुंगरू नुसते खळखळते, बोल उमटत नाहीत. हे कोणी फळ्यावर लिहून देत नाही. नवखी मुलगी दुपारच्या रिकाम्या तंबूत ढोलकीवाल्यासमोर पाय मारत राहते. चुकली की तो तोंडाने बोल म्हणून दाखवतो आणि ठेका पुन्हा पहिल्यापासून धरतो. म्हणून फडातल्या बायांचा खरा उस्ताद बहुतेक वेळा ढोलकीवालाच असतो, मालक किंवा मालकीण नव्हे. सोंगाड्याचा हजरजबाबीपणा याहून अवघड, कारण बतावणीचा, म्हणजे विनोदी संवादांचा, अर्धा भाग त्या रात्रीच्या गावावर बेतलेला असतो. हा हजरजबाबीपणा विंगेतून ऐकूनच अंगात मुरतो.

फडाबाहेरही हे शिक्षण देण्याचे प्रयत्न झाले. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची प्रशिक्षण शिबिरे भरतात, आणि मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत तमाशा अभ्यासक्रमाचा भाग आहे. तिथे गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम नीट समजावला जातो. त्यामुळे ज्या घरांत तमाशाचे नाव काढणेही वर्ज्य होते, तिथली मुलेमुलीही लावणीकडे वळली. उचल आणि कर्जाचा फास नसणे हा या वाटेचा मोठा फायदा. तिची उणीवही उघड आहे: वर्गातल्या सादरीकरणाला पहाटेपर्यंत जागणारा, शिट्ट्या मारणारा आणि कंटाळला की उठून जाणारा प्रेक्षक नसतो.

फडांतली तालीमही जुनी राहिलेली नाही. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या गावजत्रांबरोबर उतरतो. प्रेक्षक चित्रपटातली गाणी मागतात, म्हणून दसऱ्याआधीच्या तालमींत त्यांचे नाच बसवावे लागतात, आणि पारंपरिक बैठकीची लावणी किंवा लांब वग यांना वेळ उरत नाही. २०२० आणि २०२१ मधल्या करोनाच्या बंदीत हंगाम बुडाले, कर्जे वाढली आणि अनेक कलावंत मजुरीकडे वळले. मे २०२१ मध्ये कांताबाईंचा करोनाने मृत्यू झाला, तोही संगमनेरातच. बंदी उठल्यावर फड पुन्हा उभे करताना मालकांना नव्या मुलींना पहिल्या ठेक्यापासून शिकवावे लागले.