शस्त्रांचे जतन आणि गंजाचा प्रश्न : सोलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने लढाया, तह, वतने आणि घराणी यांच्या अनुषंगाने झाले आहे. शस्त्रांचा विचार झाला तो त्यांचे प्रकार, घडण आणि वापर यांपुरता. परंतु कोणत्याही तलवारीच्या आयुष्यात रणांगणावरील दिवस थोडे आणि म्यानातील दिवस फार, ही साधी गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शस्त्र हाती नसताना ते कोठे, कसे आणि कोणाच्या देखरेखीखाली ठेवले जात होते, हा प्रश्न राज्यव्यवहाराचा होता. आज जुन्या वाड्यांतून व संग्रहालयांतून उरलेल्या शस्त्रांच्या संदर्भात तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न बनला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सोलापूर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाच्या आधारे केला आहे.

धातू आणि हवामान

लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने गंज तयार होतो. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे त्याचे पापुद्रे सुटतात, आतील धातू उघडा पडतो आणि क्रिया पुढे चालू राहते. तांबे व काशाचे तसे नसते. त्यांच्या पृष्ठभागावर चढणारा थर बव्हंशी आतील धातूचे रक्षण करतो. इ.स. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली आणि पुढे परांडा किल्ल्यावरून विजापूरला नेलेली मुलूख-ए-मैदान ही मिश्रधातूची अवाढव्य तोफ उघड्यावर राहूनही टिकली. त्याच काळातील लोखंडी पाती मात्र ज्यांची निगा राखली गेली तेवढीच शिल्लक राहिली. धातूचा हा स्वभावभेद ध्यानात घेतल्याशिवाय कोणते शस्त्र टिकले आणि कोणते नाहीसे झाले याचा उलगडा होत नाही.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. येथील सरासरी वार्षिक पाऊस साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास असून उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कोकणातील किल्ल्यांच्या तुलनेत हे हवामान शस्त्रांना अनुकूल म्हटले पाहिजे. परंतु येथील पावसाचा मोठा भाग सप्टेंबरमध्ये, म्हणजे हंगामाच्या अखेरीस पडतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढू लागतो. आठ महिने कोरडी राहिलेली तलवार भाद्रपदातील दमट पंधरवड्यात डागाळू शकते. कोरड्या प्रदेशातील माणूस याबाबत निर्धास्त असतो आणि नुकसान नेमके तेथेच होते.

शिलेखाना आणि आज्ञापत्रातील व्यवस्था

मराठेशाहीत शस्त्रांच्या कोठाराला शिलेखाना किंवा सिलेखाना म्हणत. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी निगडित असलेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे, यावरून राज्यकारभारातील या विभागाचे महत्त्व कळते. मात्र जतनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतो.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात दुर्गप्रकरणी जे नियम सांगितले आहेत, त्यांत पावसाळ्याचा विचार विस्ताराने आहे. पर्जन्यकाळात तोफांना आणि दरवाजांना तेल व मेण लावावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत, तोफा झाकून ठेवाव्यात, अशी ती व्यवस्था आहे. दारूगोळा ठराविक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मुद्रा करून ठेवण्याची आज्ञाही त्यात आहे. या नियमांत दोन वेगळी तत्त्वे दिसतात. पहिले, धातू आणि ओलावा यांच्यामध्ये पडदा उभा करणे. दुसरे, ठराविक मुदतीने वस्तू उघडून पाहणे. आधुनिक जतनशास्त्र याहून फारसे निराळे काही सांगत नाही, फक्त साधने बदलली आहेत. विशेष म्हणजे अमात्यांनी हे काम कोणाच्या हौसेवर सोडलेले नाही. ते गडावरील अधिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून नेमून दिले आहे.

शिकलगार आणि खंडेनवमी

पात्याला झिलई देणे म्हणजे शिकल करणे, आणि ते काम करणारा तो शिकलगार. हा शब्द अरबी-फारसी परंपरेतून मराठीत आला आणि दक्षिण महाराष्ट्रात आडनाव म्हणूनही रूढ झाला. शिकलगाराचे काम धार लावण्यापुरते मर्यादित नव्हते. गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी व धूळ कमी ठरते, खरबरीत पृष्ठभागाच्या खाचांत ते साचून राहते. म्हणून उत्तम झिलई हे शोभेइतकेच संरक्षणाचेही साधन होते. फौजा मोडल्या तसा या कारागिराचा आश्रय गेला आणि त्याची सहाण कात्री, विळा, सुरी यांच्याकडे वळली. शस्त्रांच्या नाशाचा इतिहास लिहिताना या हाताच्या अभावाची नोंद घ्यावी लागेल.

दुसरी परंपरा घरोघरची. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे खाली काढून, पुसून पूजेस मांडली जातात. या विधीचा हेतू धार्मिक आहे आणि त्यामागे केवळ व्यवहार शोधणे योग्य ठरणार नाही. तरीही त्याचा काळ लक्षणीय आहे. सोलापूरकडील पावसाचा जोर ओसरत असतानाच ही वार्षिक तपासणी आपोआप घडते. वर्षातून एकदा तरी पाते म्यानाबाहेर येते, ही या प्रथेची फार मोठी देणगी होय. उलटपक्षी, ओले कुंकू, गंध, अक्षता आणि झेंडूची फुले पात्यावर तशीच राहिली तर त्याच जागी डाग धरतात. पूजेनंतर दुसऱ्या दिवशी शस्त्र कोरड्या सुती कापडाने पुसून पुन्हा तेलाचा हात दिला जातो की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

तेलाच्या बाबतीतही स्थानिक परिस्थिती विचारात घ्यावी लागते. करडई हे सोलापूर जिल्ह्याचे रब्बीतील जुने पीक, त्यामुळे घरात सहज हाती लागणारे तेल करडईचेच. परंतु करडई व जवस यांची तेले हवेत हळूहळू घट्ट व चिकट होतात. पातळ थर तात्पुरता उपयोगी पडत असला तरी वर्षानुवर्षे चढत गेलेला थर धूळ धरतो आणि काढताना खरवडावा लागतो. यासाठी आज खनिज तेलाचा अगदी पातळ हात किंवा संग्रहालयांत वापरले जाणारे सूक्ष्मस्फटिकी मेण अधिक योग्य मानले जाते.

अक्कलकोट आणि आजचा प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण अक्कलकोटचे आहे. छत्रपती शाहू महाराजांचे मानसपुत्र फत्तेसिंह भोसले यांच्यापासून हे संस्थान सुरू झाले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ते थेट इंग्रजांच्या अधिसत्तेखाली आले आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. येथील राजवाड्यातील शस्त्रागार प्रसिद्ध आहे. एका घराण्याचा संग्रह एका ठिकाणी राहिला, हे त्याचे भाग्य. सामान्य शिलेदारांच्या घरांत ही सोय नव्हती. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर परवान्याचा प्रश्न उभा राहिला आणि शस्त्र बाळगणे ही अभिमानाइतकीच काळजीची बाब झाली. स्वातंत्र्योत्तर १९५९ च्या कायद्यानेही तलवारी नियमनाच्या कक्षेत ठेवल्या. माळ्यावर, अंधारात, चामडी म्यानात ठेवून दिलेले पाते हवेपासून सुरक्षित राहील असा समज आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चामडे हवेतील ओलावा शोषते, ते कमावताना वापरलेली आम्लयुक्त द्रव्ये धातूस बाधतात, आणि म्यानाच्या तळाशी ओल कोंडून राहते. त्यामुळे अनेक पात्यांची टोके आधी जातात. म्यान आणि पाते शेजारी शेजारी, परंतु वेगवेगळे ठेवणे हाच यावरील उपाय होय.

गंजाइतकाच धोका उत्साही सफाईचा आहे. लिंबू, चिंच, वाळूचा कागद यांनी पाते क्षणात चकचकीत दिसते, परंतु जौहरदार पोलादावरील नक्षी, कोफ्तगिरीचे सोने, फिरंगी पात्यांवरील युरोपीय कारागिरांचे शिक्के हे सर्व त्या चकाकीबरोबर नाहीसे होते. मूठ लाख-राळेने बसवलेली असल्यास शस्त्र विस्तवाजवळ वाळवल्याने ती ढिली होते. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडन येथील लिलावातून मिळवलेल्या रघूजी भोसले यांच्या तलवारीचे उदाहरण येथे बोलके आहे. तिच्या पात्यावरील सोन्यातील देवनागरी लेखात ‘सेनासाहेबसुभा’ या किताबासह त्यांचे नाव आहे. तो लेख कोणी घासून काढला असता तर ती अठराव्या शतकातील अनेक फिरंगांपैकी एक एवढीच उरली असती. परदेशातून एक शस्त्र परत आले की सर्वत्र चर्चा होते. गावोगावच्या वाड्यांत दर पावसाळ्यात झिजणाऱ्या शस्त्रांची मात्र साधी यादीही होत नाही, ही विसंगती खटकणारी आहे.

अशी यादी करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे आहे. पात्याची लांबी, मुठीचा प्रकार, लेख वा शिक्का, आणि गंजाचे स्वरूप एवढ्या नोंदी छायाचित्रांसह घेतल्या तरी पुरे. गंज नारिंगी, भुसभुशीत व बोटाला लागणारा असेल तर तो चालू आहे असे समजून जाणकाराकडे जावे. काळसर, घट्ट थर बहुधा स्थिर असतो आणि त्याला हात न लावणेच श्रेयस्कर. नोंद घेण्यासाठी खंडेनवमीच्या आसपासचे दिवस सर्वांत सोयीचे, कारण एरवी कुलपात असलेली शस्त्रे त्या वेळी बाहेर आलेली असतात.