मास्तरांचा जोडधंदा : टिळक, गोखले आणि एक अंकगणिताचं पुस्तक

या भागात लढाई नाही, किल्लाही नाही. मी कापड्याचा, आणि उमरठचा रस्ता आमच्याकडूनच आत जातो, त्यामुळे तानाजी मालुसऱ्यांवर भाग कधी, असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. करू. आज मात्र १८९० सालच्या पुण्यातलं एक भांडण घेतलंय. मास्तरांनी शाळेबाहेर कमवावं का, यावरून ते झालं.

निमित्त माझ्या वहिनीचं. ती पोलादपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी वर्कशीट ती स्वतःच बनवते. त्यात सफरचंदाच्या जागी करवंदं मोजायची असतात, आणि ‘न’ नाचणीचा असतो. तिच्या ग्रुपमधल्या दोन-तीन बाई मागे लागल्या, पीडीएफचा संच कर, पन्नास रुपयाला विक. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, पैसे भरायचं पान तेवढं करून द्या." माझ्यासाठी एका संध्याकाळचं काम. पण दादा जेवता जेवता म्हणाला, "नोकरीवर येईल हां." तिथून मी वाचत सुटलो.

‘वरकमाई’ हा शब्द आपल्याकडे पार बदनाम झालाय, म्हणून मी जोडधंदा म्हणतो. मास्तरांचा हा जोडधंदा मराठीत छपाईइतकाच जुना आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. त्याच घराण्यातल्या द्वारकानाथ राघोबांची भाषांतर पाठमाला तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत सापडेल. तेव्हा मराठी पुस्तकांना दक्षिणा प्राइज कमिटीकडून सरकारी बक्षीस मिळायचं. ते कुणाला मिळायचं, हा वेगळा विषय. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ नाटक कमिटीकडे दिलं, ते नाकारलं गेलं. मुलींसाठी शाळा काढणाऱ्या माणसाचं पुस्तक नापास. म्हणजे लिहिलेल्याचे पैसे मिळणं हे तेव्हाही फक्त पुस्तकाच्या दर्जावर ठरत नव्हतं.

आता पुण्याला येऊ. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी हायस्कूलात मास्तर होते आणि १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढत होते. नोकरी सरकारची, लेखणी स्वतःची. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे ही सगळी मंडळी पंचविशीच्या आतबाहेरची. माझ्यापेक्षा लहान, हे वाचून जरा लाजच वाटते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज.

सोसायटीचा कणा म्हणजे आजीव सभासद. त्यांनी सरकारी खात्यापेक्षा कितीतरी कमी पगार घ्यायचा आणि वीस वर्षं शिकवायचं. टिळकांच्या डोळ्यांसमोर जेझुइट पाद्री होते: पोटापुरतं घ्या, बाकी सगळा वेळ संस्थेचा. कल्पना भारीच आहे. पण याच माणसांच्या हातात लेखणी होती, वर्गात रोज काय अडतं ते त्यांनाच सगळ्यात आधी कळत होतं, आणि बाजारात पुस्तकांची ओरड होती.

आपट्यांचंच बघा. संस्कृत रचना शिकवणारं त्यांचं ‘स्टुडंट्स गाइड’ १८८१ चं. मग इंग्रजी-संस्कृत कोश, आणि १८९० मध्ये तो मोठा संस्कृत-इंग्रजी कोश. हे सगळं शिकवणी आणि कारभार सांभाळून. १८९२ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. तो कोश आजही छापला जातो. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘वाक्यमीमांसा’ लिहिली, तीही शुद्ध वर्गातली गरज.

आणि गोखले. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, कोतळूक, गुहागरकडचे. म्हणजे आपले कोकणातलेच. हा तरुण न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवायचा. त्याने अंकगणिताचं पुस्तक तयार केलं आणि ते चाललं. पुढे मॅकमिलनसारख्या कंपनीने छापलं, शाळाशाळांतून लागलं. भारत सेवक समाज काढणारे, कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलणारे गोखले आपल्याला माहीत असतात. त्या गोखल्यांच्या घरखर्चाला या अंकगणिताच्या रॉयल्टीचा आधार होता, हे शाळेत कोणी सांगत नाही. १९०२ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले ते तुटपुंज्या पेन्शनवर. पूर्ण वेळ सार्वजनिक काम करता आलं त्याला त्रैराशिकाची आणि व्याजाची गणितंही कारण आहेत. मला ही गोष्ट भयंकर आवडते.

भांडण मात्र थेट पुस्तकावरून पेटलं नाही. सभासदांनी बाहेर काय करावं, पगारवाढ मागावी का, बाहेरचं उत्पन्न कुणाचं, यावर आतल्या आत धुमसत होतंच. त्यात टिळक-आगरकरांचं सामाजिक सुधारणेवरून बिनसलेलं. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि टिळकांनी मुद्दा लावून धरला: पूर्ण वेळ द्यायची शपथ घेतलेला माणूस बाहेरचं एवढं काम अंगावर कसं घेतो? सहकाऱ्यांची साथ मिळाली नाही. १८९० अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला आणि कारणांचं लांबलचक निवेदन लिहिलं.

आता विरोधी बाजूला सहज म्हणता येतं की टिळक तरी केसरी-मराठा बघतच होते की. ते खरंच आहे, आणि तेव्हाही लोकांनी म्हटलंच असणार. पण मला त्यांचा मुद्दा पोकळ वाटत नाही. संस्था त्यागावर उभी केली आणि त्यातल्या निम्म्यांची दुसरी आवक सुरू झाली, तर उरलेल्यांचा त्याग हा मूर्खपणा ठरतो. सोसायटी सोडल्यावर टिळकांनी काय केलं? वकिलीच्या परीक्षेचा खासगी क्लास चालवला आणि लातूरला जिनिंग फॅक्टरीत भागीदारी केली. यात ढोंग नाही. संस्थेत असताना एक नियम, बाहेर पडल्यावर दुसरा, एवढाच त्यांचा हिशोब होता.

आमच्या आयटीतही २०२२ मध्ये मूनलाइटिंगवरून हेच रान पेटलं होतं. विप्रोने प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं सांगितलं, आणि ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. माझ्या मते प्रश्न कमाईचा नसतो, वेळ कुणाचा आणि नुकसान कुणाचं हा असतो. वहिनीच्या वर्कशीटने शाळेचं नुकसान काय होणार?

तरी कायदा बघावा लागतोच. झेडपी कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, परवानगीशिवाय खासगी धंदा नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या नियमांचीही चौकट तीच, पण त्यात अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक, शास्त्रीय कामाला सूट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणीची बंदी आहे. वर्कशीट विकणं म्हणजे शिकवणी नव्हे, पण ते दरमहा, दुकान मांडून केलं तर ‘अधूनमधून’ही नव्हे. शिवाय १९५७ चा कॉपीराइट कायदा म्हणतो, नोकरीचा भाग म्हणून केलेली कृती, वेगळा करार नसेल तर, मालकाची. मग रविवारी रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर काढलेली करवंदं कुणाची? याचं उत्तर गोखल्यांच्या वेळी सोसायटीला देता आलं नव्हतं आणि आजही ते गुळमुळीतच आहे.

अमेरिकेत हे उघड चालतं. न्यूयॉर्कच्या पॉल एडलमन नावाच्या शिक्षकाने २००६ मध्ये ‘टीचर्स पे टीचर्स’ सुरू केलं. त्यावर जॉर्जियातल्या एका बालवाडीच्या बाईंनी दहा लाख डॉलरच्या वर कमावले. आपल्याकडे उलटं उदाहरण सोलापूरच्या परितेवाडीचं. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते विकले नाहीत. २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यातली अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटली. ग्रेट माणूस. पण प्रत्येक मास्तरीणबाईकडून आपण हीच अपेक्षा धरायची आणि गाईडं, अपेक्षित प्रश्नसंच काढणाऱ्या प्रकाशकांनी मात्र बिनधास्त कमवायचं, हे काही मला पटत नाही.

हे सगळं वहिनीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पुस्तक काढलं तर चालेल?" छापील पुस्तक, एकदाच, रीतसर परवानगी मागून. अर्जाचा मसुदा तिनेच लिहिला, मी फक्त टाइप केला. पैसे भरायचं पान सध्या माझ्या लॅपटॉपवर पडून आहे. आणि केंद्रातल्या इतर शाळांना ती पीडीएफ फुकट पाठवतेच आहे. परवा ‘व’ वरीचा झाला.