लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कफ परेडला

शुक्रवार, 9 नोव्हेंबर 2007. सकाळचे सात वाजत आलेत आणि तुम्ही नाशिकरोडच्या फलाटावर पंचवटी एक्स्प्रेसची वाट पाहताय. हवेत रात्रीच्या फटाक्यांचा वास आहे. फलाटावर कुणीही मान खाली घालून मोबाइलमध्ये बुडालेलं नाही. तुमच्या खिशातल्या नोकियालाही बटणं आहेत. आज लक्ष्मीपूजन. ज्या गावात देशाच्या नोटा छापतात, तिथला माणूस आजच्या दिवशी घर सोडून मुंबईला निघतो, तेही एक खेळ बघायला, हे घरात कुणालाच पटलेलं नाही. पण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. आजचा मुहूर्त चुकवायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

डब्यात विषय एकच. काल मोहालीत सचिन 99 वर बाद झाला आणि भारताने 321 धावा करूनही पाकिस्तानने सामना नेला. शेजारचे काका चिवड्याची पुडी तुमच्यापुढे धरतात.

"सणासुदीचं कुठं?"

"मुंबईला. स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा आहे, ताज प्रेसिडेंटला."

"त्याची पण असते?" काका चिवडा चघळत विचार करतात. "कॉन्व्हेंटवाल्यांचा खेळ तो. आपलं इंग्रजी कुठं पुरायचं तिथं!"

तुम्ही गप्प बसता. इगतपुरी मागे पडते, गाडी कसाऱ्याचा घाट उतरू लागते. हाच 'घाट' स्क्रॅबलच्या अधिकृत कोशात आहे, इंग्रजी लिपीत त्याचे 8 गुण. 'पूजा' आहे, 13 गुणांची. 'लाख'सुद्धा आहे. विशेषनाम मात्र चालत नाही, त्यामुळे नाशिकला जागा नाही. पण नाशिकचं जुनं इंग्रजी स्पेलिंग, एन-ए-एस-आय-के, घ्या आणि अक्षरं उलटसुलट करा: 'किनाज' होतं. किना हे पापुआ न्यू गिनीचं चलन. नोटांच्या गावाच्या नावात परदेशी नोटा लपलेल्या! असले उद्योग एकदा सुरू झाले की दुकानांच्या पाट्याही सरळ वाचता येत नाहीत.

सीएसटीहून काळी-पिवळी टॅक्सी. वाटेत 'ओम शांती ओम' आणि 'सांवरिया' यांच्या जाहिराती. दोन्ही सिनेमे आजच लागलेत. सारी मुंबई त्या झुंजीबद्दल बोलतेय. कफ परेडच्या हॉटेलात चाललेल्या झुंजीची तिला फिकीर नाही.

आत शिरता. तुम्हाला कुणी अडवत नाही. काळ ओलांडून आलेल्यांना तेवढी सवलत असते. रांगेने टेबलं आणि प्रत्येक टेबलावर पंधरा बाय पंधरा घरांचा पट. समोरासमोर दोघं, मध्ये बुद्धिबळासारखं दुहेरी घड्याळ. प्रत्येकाला पूर्ण डावासाठी 25 मिनिटं. त्यावर गेलेल्या प्रत्येक मिनिटाला 10 गुण कापले जाणार. आवाज म्हणाल तर पिशवीत खळखळणाऱ्या टाइल्सचा. पिशवी डोळ्यांच्या वर धरून टाइल काढायची, म्हणजे आत डोकावता येत नाही.

एका खेळाडूच्या मागे उभे राहा. त्याच्या रॅकवर सात टाइल्स आहेत: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. त्याचे डोळे त्यांवरून क्षणभर फिरतात, बस. 'रिटेन्स', 'रेटिनाज', 'नॅस्टिअर'... याच सात अक्षरांतून निघणारी हे सगळे शब्द त्याला एकदमच दिसतात. सातही टाइल्स एका फटक्यात लावल्या की वर 50 गुण. आता प्रश्न शब्दाचा उरलाच नाही. यातला कुठला शब्द कुठे बसवला तर समोरच्याला कमीत कमी वाव मिळेल, हा आहे. शेजारच्या कागदावर तो खेळून झालेली अक्षरं खोडत जातो. एकूण टाइल्स 100, त्यात दोन कोऱ्या. पिशवी रिकामी झाली की उरलेल्या अक्षरांवरून समोरच्याच्या रॅकवर नेमकं काय आहे ते त्याला कळतं.

हे इंग्रजी नव्हे, हा हिशेब आहे. खेळ जन्मलाच हिशेबातून. 1930च्या दशकातल्या मंदीत बेकार झालेला अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजत बसला आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं त्यावरून टाइल्सची संख्या आणि गुण ठरवले. म्हणून ई बारा आणि क्यू फक्त एक. 2003चा जगज्जेता थायलंडचा पानुपोल सुज्जयकोर्न, 2005चा कॅनडाचा अ‍ॅडम लोगन. लोगन तर गणितज्ञच. काकांना गाडीतच हे सांगायला हवं होतं.

स्पर्धेच्या मधल्या दिवसांत पोरं सायबर कॅफेत फेसबुकवर स्क्रॅब्युलस खेळताना दिसतात. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी केलेला हा स्क्रॅबलसारखा खेळ सध्या जगभर गाजतोय. पुढच्या जुलैत अमेरिकेत तो बंद होणार आहे, पण तुम्ही तोंड उघडायचं नाही.

अंतिम लढत. एका बाजूला मलेशियाचा गणेश असीरवथम. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स: लांब दाढी, चष्मा, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पाचांपैकी तीन डाव जिंकायचे. रिचर्ड्स सलग तीन घेतो. 3-0. त्याचं हे पहिलं जगज्जेतेपद, तेही मुंबईत.

इथे मात्र तुमची जीभ खरोखर शिवशिवते. हा माणूस 2015मध्ये नऊ आठवडे फ्रेंच कोश पाठ करून फ्रेंच भाषेतलं जगज्जेतेपद मिळवणार आहे, फ्रेंच बोलता येत नसताना. 2024मध्ये स्पॅनिशचंही, ग्रॅनडात, स्पॅनिश न येता. हे आत्ता इथे सांगितलं तर वेड्यात काढतील.

माझं मत विचाराल तर मराठी शाळेतल्या मुलांनी या खेळाला इतकी वर्षं उगाच बिचकून काढली. पाढे पाठ करणाऱ्या, बुद्धिबळाची आवड असलेल्या पोराला हा पट कॉन्व्हेंटवाल्याइतकाच सोपा किंवा अवघड आहे. संच घरात आणा, दोन अक्षरी शब्दांची यादी भिंतीवर लावा आणि महिनाभर तेवढीच घोकून घ्या.

रिचर्ड्सने मुंबईनंतर 2011, 2013 आणि 2018मध्येही जग जिंकलं. पाचवं जगज्जेतेपद 2019चं, आणि ते त्याने गोव्यात घेतलं. ते बघायला तर काळ ओलांडायचीही गरज नव्हती.