झळाळीत गेलेलं सोनं

दागिना कुणी घडवला यावर आपण भरभरून बोलतो. तो उजळला कसा, यावर सहसा बोलत नाही. मला तोच भाग जास्त रंजक वाटतो.

डाख लावताना सोनं काळवंडतं. मग आम्लाच्या पाण्यात उकळायचं, कानशीने घासायचं, रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारायचा. कानस दर वेळी थोडं सोनं नेते. ओपणी मात्र काहीच नेत नाही. गुळगुळीत दगड दाबून फिरवला की धातू नुसता दबतो आणि चमकतो.

कीस सोनार जपून ठेवी. तरी काही राखेत, काही गटारात जाईच. ती माती घेऊन धुणारे ते झारेकरी. एकाच्या कचऱ्यावर दुसऱ्याची चूल पेटे!

जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. 14 कॅरेटहून शुद्ध नवे दागिने घडवायला बंदी. कितीतरी सोनार बेकार झाले, हे घरोघरी आठवतं. पण शेगडीच विझल्यावर झारेकऱ्याने धुवायचं काय? 14 कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, कायदा 1990 मध्ये गेला.

घटीचा हा हिशेब घरच्या चांदीलाही लागू आहे बरं का. काळा थर म्हणजे गंधकाशी संयोग पावलेली चांदीच. खरवडली की गेली. अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवून गरम सोड्याच्या पाण्यात बुडवली, तर बरीचशी जागेवरच राहते. तेव्हा ताई, आजीच्या तोड्यांना राखुंडी लावू नकोस. नक्षी आधीच अर्धी झिजली आहे.