साइक्ससाहेबाला मासे कुणी सांगितले?

मिस्टस सींगटी हे एका माशाचं शास्त्रीय नाव. वाटतं लॅटिन, पण दुसरा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. शिंगटी! टोकदार काट्यांचा, आपल्याच नदीतला मासा. तसाच रिटा गोग्रा म्हणजे घोगरा. आणि गारा मुल्या म्हणजे मल्या, तोंडाखालच्या चकतीनं वाहत्या पाण्यात दगड धरून राहणारा.

ही नावं १८३९ मध्ये विज्ञानात नोंदवली कर्नल विल्यम हेन्री साइक्सनं. १८२४ पासून तो मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करत होता. पुणे, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), खानदेश, धारवाड. जमीन, पिकं, माणसं, आणि हौसेनं पक्षी व मासे. शिंगटी, घोगरा हे शब्द साहेबाच्या डोक्यातून येणं शक्यच नाही. जाळं टाकणाऱ्या कुणीतरी ते सांगितले. शास्त्रीय नावापुढे आजही ‘साइक्स’ लागतं. सांगणाऱ्याचं नाव लागत नाही.

पुढे नद्या बदलल्या. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. गंगेकडचे रोहू-कटला इथल्या जलाशयांत सोडले गेले. १९५२ मध्ये आफ्रिकेतली तिलापिया भारतात आली आणि आपल्या बाजारात तिची ‘चिलापी’ झाली. आजच्या मुलांना बहुधा हीच तीन नावं ठाऊक असतात. (तीन सांगितली तरी खूप!) शिंगटी अजून पाण्यात आहे, पण तोंडातून चालली आहे.

म्हणून अकोले तालुक्यातल्या ओढ्यांवर मुलांना न्यायचा बेत मित्रांनी काढला, तेव्हा मी एक अट घातली. मासेमारी करणारा गावातलाच माणूस पुढे चालेल, त्याला त्या दिवसाची मजुरी मिळेल, आणि पुस्तक पिशवीतच राहील. मुलांनी आधी त्याच्याकडून नाव ऐकायचं. वहीत जागा, तारीख आणि नाव लिहायचं. तो हो म्हणाला तर त्याचंही. शास्त्रीय नाव संध्याकाळी शोधू. घोगऱ्याला घोगरा का म्हणतात, हे मात्र कुणी आधी सांगायचं नाही. सापडला तर मुलांनी कान देऊन ऐकावं आणि काय ते ठरवावं.

पहिल्या पावसात चढणीचे मासे बघायचा मोह होतो, पण डोंगरातला ओढा क्षणात फुगतो आणि मासेही तेव्हा अंडी घालायला निघालेले असतात. दसऱ्यानंतर पाणी निवळतं. तेव्हा जाऊ. पांढरा पसरट डबा, हातजाळी, ओले हात. दोन मिनिटं बघून मासा परत पाण्यात. उचललेला दगडही जसा होता तसाच ठेवायचा, खाली किड्यांची घरं असतात.